भविष्यपुराणातील भविष्यकाळ

भविष्यपुराणाच्या प्रतिसर्गपर्वात आदम व नूह यांच्यापासून येशू, महंमद, तैमूर, नानक, अकबर आणि थेट इंग्रजी राज्यापर्यंतची हकीकत भविष्यकथनाच्या रूपाने आली आहे. व्यासांनी हे सारे आधीच सांगून ठेवले होते, असे मानणारे आजही भेटतात. येशू-महंमदांच्या उल्लेखांमुळे त्या त्या धर्माच्या प्रचारकांनाही हे पर्व प्रिय झाले आहे.

या दाव्याची सारी भिस्त ग्रंथनामावर आहे. आपस्तंब धर्मसूत्रात भविष्यत्पुराणाचा नामनिर्देश आहे, हे खरे. परंतु आपस्तंबाने त्यातून दिलेले वचन आजच्या संहितेत आढळत नाही. नाव जुने म्हणून मजकूर जुना, हे अनुमान येथेच कोसळते. ही संहिता मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने १८९७ साली छापली आणि १९०३ मध्ये आउफ्रेख्ट या जर्मन पंडिताने तिला वाङ्मयीन फसवणूक ठरविले. अंतर्गत पुरावाही बोलका आहे. म्लेंच्छभाषेचा मासला म्हणून तीत ‘संडे’, ‘फर्वरी’, ‘सिक्स्टी’ हे शब्द येतात! प्राचीन ऋषीला फेब्रुवारी ठाऊक होता असे मानण्यापेक्षा, लेखकाच्या कानांवर इंग्रजी पडली होती असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

तथापि आउफ्रेख्ट यांचा शब्द मला सर्वस्वी मान्य नाही. वायु, मत्स्य, विष्णु या पुराणांतही कलियुगातील राजवंश भविष्यकाळी क्रियापदांनीच वर्णिले आहेत. निवेदक प्राचीन कल्पिला की त्याच्या नंतरचे सर्व भविष्यच ठरते. हा संकेत आहे, कपट असेलच असे नाही. पार्जिटर यांनी १९१३ साली या वंशवर्णनांचा पाठ सिद्ध केला. ती वर्णने गुप्तांच्या उदयापाशी थांबतात, यावरूनच त्यांनी संकलनाचा काळ ठरविला.

हीच कसोटी ख्रिस्तोत्तर तिसऱ्या शतकात पॉर्फिरीने बायबलातील दानीएलच्या ग्रंथाला लावली होती. चौथ्या अँटायोकसच्या कारकीर्दीपर्यंत तेथील तपशील जुळतात. पुढे त्याचा अंत समुद्र व पवित्र पर्वत यांच्यामध्ये होईल असे सुचविले आहे. प्रत्यक्षात तो इ. स. पू. १६४ मध्ये इराणात मेला. कथन जेथे फसते, तेथे लेखकाचा वर्तमानकाळ. पॉर्फिरीचा ग्रंथ नष्ट झाला; त्याचा युक्तिवाद आपणांस कळतो तो मुख्यत्वे खंडनकर्त्या जेरोमच्या भाष्यातून.

प्रतिसर्गपर्वावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्यापुढील प्रश्न, व्यासांना ‘विकटावती’ म्हणजे व्हिक्टोरिया राणी कशी कळली, हा नव्हे. तिला पुराणात बसविण्याची गरज भासलेला तो संस्कृतज्ञ कोण, आणि कोणत्या श्रोत्यांसाठी त्याने हे रचले, हे अजून शोधावयाचे आहे.