‘बिलीव्ह’ आणि एक खोटा मेथड्स सेक्शन

पेपर वाचताना आपण कुठला भाग सगळ्यात आधी गाळतो, खरं सांगा. मेथड्स. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचतो, आकृत्या बघतो, निष्कर्षावर उडी मारतो आणि ‘मेथड्स लागले तर बघू’ म्हणतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही हेच करत होते. आज ज्या गाण्याबद्दल लिहितेय, त्याचे मेथड्स छापून आले होते, तेही व्यवस्थित, यंत्राच्या नावासकट. फक्त ते खरे नव्हते.

गाणं आहे शेर या अमेरिकन गायिकेचं ‘बिलीव्ह’. ऑक्टोबर 1998 मध्ये आलं तेव्हा ती 52 वर्षांची होती. ब्रिटनमध्ये ते सलग सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, मार्च 1999 मध्ये अमेरिकेतही पहिलं आलं आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट डान्स रेकॉर्डिंगचं ग्रॅमी मिळालं. गीतकार म्हणून सहा जणांची नावं आहेत. मूळ कल्पना ब्रायन हिगिन्सची. ती कित्येक वर्षं या हातातून त्या हातात फिरत होती. अनेक लेखकांचा पेपर कसा तयार होतो हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना यात काही नवल वाटणार नाही, म्हणून ती कथा इथेच सोडते.

लोकांच्या लक्षात राहिला तो आवाज. कडव्यात काही शब्दांवर शेरचा गळा अचानक कडक होतो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याऐवजी टणकन उडी मारतो, जिन्याच्या पायऱ्या चढल्यासारखा. हे कसं केलं? निर्माते मार्क टेलर आणि ब्रायन रॉलिंग यांनी 1999 मध्ये ‘साउंड ऑन साउंड’ या ब्रिटिश मासिकाला याचं उत्तर दिलं: व्होकोडर. गिटारच्या पेडलसारखं दिसणारं ‘डिजिटेक टॉकर’ नावाचं यंत्र त्यांनी नाव घेऊन सांगितलं. वाचणाऱ्याने विश्वास का ठेवू नये?

मी ठेवला. एका सेमिनारसाठी मला आवाजाचं सिग्नल प्रोसेसिंग दाखवायचं होतं. मित्राने त्या लेखाची कॉपी पाठवली होती. ती वाचून मी पायथनमध्ये साधा व्होकोडर लिहिला आणि स्वतःच्या (बऱ्यापैकी बेसूर) आवाजावर चालवला. यंत्रमानव बोलल्यासारखं काहीतरी निघालं. शेरसारखं काही केल्या निघेना. दोन आठवडे मी फिल्टरची संख्या कमीजास्त करत बसले, कारण चूक माझीच असणार! मग कळलं की तो इफेक्ट ऑटो-ट्यून या सॉफ्टवेअरचा होता. व्होकोडरची कथा धंद्यातलं गुपित राखायला सांगितली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. मासिकाने वेबवरच्या लेखाला तसा खुलासाही जोडलाय. माझ्याकडच्या कॉपीत तो नव्हता. मागे घेतलेले पेपर वर्षानुवर्षं सायटेशनमध्ये कसे जिवंत राहतात, ते मला त्या दिवशी पटलं.

आता तुम्ही म्हणाल, व्होकोडर काय आणि ऑटो-ट्यून काय, दोन्ही आवाज बिघडवणारी यंत्रंच ना? नाही. इथे थोडं थांबूया.

व्होकोडरचं मूळ बेल लॅब्जमध्ये, होमर डडली यांच्या 1930 च्या दशकातल्या कामात. तो आवाजाचे वारंवारतेनुसार पट्टे पाडतो, प्रत्येक पट्ट्यात किती जोर आहे ते मोजतो आणि तो जोर दुसऱ्याच एका ध्वनीवर, बहुधा सिंथेसायझरवर, चढवतो. म्हणजे शब्द तुमचे, पण सूर सिंथचा. तुमचा स्वतःचा सूर त्यात उरतच नाही.

ऑटो-ट्यून सूर बदलत नाही, सरकवतं. गायिकेचा सूर या क्षणी कुठे आहे ते आधी शोधतं आणि मग तो ठरवून दिलेल्या सप्तकातल्या सगळ्यात जवळच्या स्वरावर नेऊन ठेवतं. ते 1997 मध्ये बाजारात आणणारे अँडी हिल्डेब्रँड हे मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे पीएचडी. जमिनीत ध्वनिलहरी सोडून परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून तेलाचे साठे शोधायचे, हे त्यांचं आधीचं क्षेत्र. सूर शोधायला त्यांनी तिथलंच ओळखीचं हत्यार घेतलं: ऑटोकोरिलेशन.

नावाला घाबरू नका. सिग्नलची एक प्रत घ्या, थोडी पुढे सरकवा, मूळ सिग्नलशी गुणा आणि बेरीज करा. जेवढं सरकवल्यावर बेरीज सगळ्यात मोठी येते, तेवढा त्या लहरीचा आवर्तकाळ. सीडीच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला 44,100 नमुने असतात. 440 हर्ट्झचा सूर असेल तर सुमारे 100 नमुने सरकवल्यावर लहर पुन्हा स्वतःवर नीट बसते. (200 वरही बसते! पहिल्यांदा कोड लिहाल तेव्हा सूर एक सप्तक खाली दाखवेल, तेव्हा हे आठवा.)

अडचण हिशोबाची होती. समजा 1,000 नमुन्यांची विंडो घेतली आणि 500 वेगवेगळी अंतरं तपासली, तर एका वेळेला 5 लाख गुणाकार. प्रत्येक नव्या नमुन्याला हे पुन्हा करायचं तर सेकंदाला 2,200 कोटींच्या वर. त्या काळच्या संगणकाला हे झेपणं शक्यच नव्हतं. हिल्डेब्रँड यांच्या 1999 च्या पेटंटमधली युक्ती इतकी साधी आहे की वाचून हसू येतं: सगळी बेरीज पुन्हा करूच नका. नवा गुणाकार मिळवा, विंडोतून बाहेर पडलेला जुना वजा करा. वरच्याच उदाहरणात काम साडेचार कोटींच्या आत येतं. चालत्या सरासरीसाठी आपण एक्सेलमध्ये करतो तेच. मला विचाराल तर या गाण्यामागचं सगळ्यात सुंदर वाक्य गीतात नाही, त्या पेटंटमध्ये आहे.

आता मुद्दा. सूर किती वेगाने जागेवर आणायचा, यासाठी ऑटो-ट्यूनमध्ये एक आकडा असतो. तो मोठा ठेवला तर दुरुस्ती हळूहळू होते आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही. सॉफ्टवेअर विकलं जात होतं ते त्यासाठीच. आकडा शून्य केला की सूर तत्काळ जागेवर. दोन स्वरांमधली वाट, जिला आपण मींड म्हणतो, ती पुसली जाते. शून्याची सोय खुद्द हिल्डेब्रँड यांनीच ठेवली होती, पण ती कोणी वापरेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ‘बिलीव्ह’मध्ये नेमकी तीच वापरली गेली.

म्हणून ‘यंत्राने गायिकेच्या चुका झाकल्या’ ही टीका मला आळशी वाटते. झाकायचंच असतं तर शून्य कशाला ठेवलं असतं? पण ‘यंत्र गातंय, बाई फक्त शब्द पुरवतेय’ हे कौतुकाने केलेलं वाचनही चुकतं, आणि ते थेट खोट्या मेथड्सवर उभं आहे. व्होकोडर असता तर ते बरोबर ठरलं असतं. इथे श्वास, घोगरेपणा, शेरच्या गळ्याचं ते खास वजन, सगळं तिचंच आहे. फक्त तिला घसरायला, रेंगाळायला मुभा नाही.

हे कळल्यावर गाणं पुन्हा ऐका. हा ताठरपणा मुख्यतः कडव्यात येतो, जिथे ही बाई तुटलेल्या नात्याबद्दल बोलतेय आणि स्वतःला कशीबशी सावरतेय. गहिवरलेला माणूस आवाज कापू नये म्हणून जसा एकेक शब्द सरळ, कडक ठेवून बोलतो, तसं काहीसं. मग ध्रुवपद येतं आणि गळा मोकळा सुटतो. माणूस विरुद्ध यंत्र असा सामना मला यात ऐकू येत नाही. एकाच आवाजाच्या दोन अवस्था ऐकू येतात. रेकॉर्ड कंपनीला तो इफेक्ट काढून टाकायचा होता आणि शेरने ठाम नकार दिला, हेही मग वेगळं दिसतं. तिला तो स्वतःचा आवाज वाटला असावा. हा माझा अंदाज.

एका गोष्टीत मात्र मी हात आखडता घेईन. ‘इफेक्टमुळे गाणं गाजलं’ असं सर्रास लिहिलं जातं. इफेक्ट नसलेलं ‘बिलीव्ह’ बाजारात आलंच नाही, म्हणजे तुलनेला कंट्रोल नाही. ठोका जोरदार आहे, ध्रुवपद एकदा ऐकून डोक्यात बसतं. श्रेय कशाला किती, ते एका नमुन्यावरून सांगता येत नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत त्या शून्याची नक्कल किती झाली हे मात्र कुठलीही वरात ऐकली तरी कळेल, आणि त्यातल्या बहुतेक गाण्यांत तो आकडा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत शून्यावरच असतो. सगळंच कडक असेल तर मोकळं सुटणार काय?

करून बघायचं असेल तर पहिल्या कडव्याचा छोटा तुकडा आणि ध्रुवपदाचा एक तुकडा घ्या, दोन्हींचा सूर ऑटोकोरिलेशनने काढा आणि वेळेच्या अक्षावर मांडा. मागे वाद्यं असल्यामुळे आलेख गचाळ येईल, विंडो थोडी बदलून पाहावी लागेल. तरी एका तुकड्यात पायऱ्या दिसतील आणि दुसऱ्यात उतार. माझा कोड साफ करतेय. तोपर्यंत तुमचा लिहा, आणि सप्तकाची चूक कशी सोडवली ते मला कळवा.