‘अवधान’ कीं ‘अवध्यान’?

अमरावती-अकोल्याकडे बोलतांना ‘लक्ष दे’ याऐवजीं ‘ध्यान दे’ असें पुष्कळ वेळां म्हणतात. यामुळेंच कीं काय, ‘अवधान’ हें ‘ध्यान’ शब्दाचेंच सोपसर्ग रूप होय, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. पोथीचा पाठ ठरविणारानें ती धरल्यास अर्थाचा अनर्थ होईल. म्हणून तिचें परीक्षण अवश्य आहे.

‘ध्यान’ हा शब्द ‘ध्यै’ म्हणजे चिंतन करणें या धातूपासून निघतो. ‘अवधान’ हा ‘धा’ म्हणजे ठेवणें या धातूपासून. ‘अव’ म्हणजे खालीं. भटकणारें मन एका ठिकाणीं आणून ठेवणें तें अवधान. निधान, विधान, समाधान, व्यवधान हे शब्द त्याच कुळांतले. शिवाय ‘अवधान’ ज्या धातूचें, त्याचें भूतकालवाचक धातुसाधित ‘अवहित’ होतें, जसें निहित, विहित. ‘ध्यै’चें मात्र ‘ध्यात’ होतें. व्याकरणदृष्ट्या वाद येथेंच मिटतो.

वर्णविकारांचीही साक्ष आहे. ‘ध्य’ हा प्राकृतांतून येतांना ‘झ’ होतो, जसें वंध्या–वांझ. दोन स्वरांमधील ‘ध’चा ‘ह’ होतो, जसें दधि–दही, बधिर–बहिरा. ‘अवधान’ शब्दांत झकारही नाहीं व हकारही नाहीं. अर्थात् तो तत्सम असून पंडित व पुराणिक यांच्या मुखें मराठींत रुळला. ‘सावधान’ शब्दाचें ‘सावध’ झालें, तरी त्यांतील धकार कायम आहे.

अर्थाकडे पाहिलें तरी हेंच ठरतें. अष्टावधानी पुरुष एकाच वेळीं आठ व्यवधानें सांभाळतो; आठांचें एकदम ध्यान करणें ही कल्पनाच विसंगत होय. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) नवव्या अध्यायाच्या आरंभीं श्रोत्यांपाशीं मागितलें आहे तें अवधानच. श्रोत्यानें डोळे मिटून समाधि लावावी असा तेथें आशय नाहीं. कान व मन वक्त्याच्या शब्दांवर ठेवावें, एवढाच आहे.

आतां अनर्थाविषयीं. संस्कृतांत ‘अवध्यान’ असा स्वतंत्र शब्द आहे व त्याचा अर्थ अनादर, अवहेलना असा आहे! म्हणजे एका यकारानें अर्थ नेमका उलटतो. ऋद्धिपूर हें महानुभावांचें पीठ याच अमरावती जिल्ह्यांतलें. त्या पंथाच्या कित्येक पोथ्या सकळ लिपींत आहेत. त्या सांकेतिक लिपींत एका अक्षरासाठीं दुसरें लिहिलेलें असतें. तीं उलगडतांना जोडाक्षरापाशीं वाचकाचा अंदाज डोकावतो, आणि अंदाज कानांतल्या ओळखीच्या शब्दाकडे झुकतो. वऱ्हाडी कानाला तो शब्द ‘ध्यान’ हाच.

यास्तव संग्राहकांस सूचना इतकीच कीं, पोथींत ‘अवधान’ असेल तेथें यकार घालून पाठ ‘शुद्ध’ करूं नये. व ‘अवध्यान’ आढळल्यास तो लेखकप्रमाद म्हणून टाकण्यापूर्वीं संदर्भांत अनादराचा अर्थ बसतो कीं काय हें पाहावें. दोन्ही प्रसंगीं मूळ अक्षर समासांत नोंदवून ठेवावें. पाठशोधनांत पहिलें अवधान अक्षराला द्यावयाचें. अर्थाचा विचार त्यामागून.