विद्वत्तेची मुद्रा : डच ताम्रकोरीव व्यक्तिचित्रे व त्यांखालील मजकूर

सतराव्या शतकातील डच विद्वानांची, ताम्रपत्रावर कोरून छापलेली व्यक्तिचित्रे आपण बहुधा चेहऱ्यासाठी पाहतो. त्यांखालील लॅटिन ओळी केवळ अलंकरण समजून सोडून देतो. ही वाचनपद्धती अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१५७५ साली स्थापन झालेल्या लायडन विद्यापीठाला पूर्वपरंपरेचे पाठबळ नव्हते. आपली प्रतिष्ठा उभी करण्यास त्याला मुद्रणकलेचे मोठे साहाय्य झाले. म्यूर्सियस याच्या १६२५ च्या ‘अथेनी बताव्ही’ या ग्रंथात तेथील प्राध्यापकांची चरित्रे व चित्रे एकत्र आढळतात. तैलचित्र एका भिंतीवर राहते. ताम्रपत्राचे ठसे ग्रंथांतून आणि पत्रांबरोबर देशोदेशी जात.

काळा झगा, गळपट्टी, हातातील ग्रंथ ही चिन्हे ‘कोणी एक विद्वान’ एवढेच सांगतात. तो कोण व त्याची योग्यता काय, हे सांगण्याचे काम मजकूर करतो. नाव लॅटिन वळणाचे, सोबत वय व पद आणि खाली बहुधा स्नेह्याने रचलेला स्तुतिपर श्लोक. येथील वाक्यरचना तृतीयपुरुषी असते, ही गोष्ट महत्त्वाची होय. अधिकार स्वतः सांगावयाचा नसतो. तो समानधर्मीयांनी द्यावयाचा असतो.

मग जिला पदच मिळू शकत नाही, तिने काय करावे? आना मारिया फान स्खुर्मान हिने १६३६ साली नव्या उट्रेख्त विद्यापीठासाठी लॅटिन काव्य रचले. व्याख्याने मात्र तिला आडोशामागे बसून ऐकावी लागली. १६३३ व १६४० साली तिने स्वतःचीच चित्रे कोरली. त्यांखालील श्लोक प्रथमपुरुषी आहेत. पहिल्यात ती गर्वाचा व सौंदर्याभिमानाचा आरोप नाकारते आणि आपल्या अननुभवी हाताकडे बोट दाखवते. दुसऱ्यात, कलेने नाकारलेले रूप पाहणाऱ्याच्या कृपेवर सोपवते.

हा केवळ स्त्रीसुलभ संकोच मानणे चुकीचे ठरेल. श्लोकाचा आशय विनयाचा आहे. परंतु निर्दोष लॅटिन वृत्त आणि स्वहस्ते केलेले कोरीवकाम हा योग्यतेचा पुरावा आहे. पदाने जे तिला नाकारले, ते भाषेने सिद्ध केले. म्हणून अशा चित्रांच्या अभ्यासात मुखमुद्रेइतकेच वाक्यातील ‘पुरुषा’कडेही लक्ष देणे अगत्याचे आहे. अधिकार कोणाला आयता मिळतो व कोणाला मिळवावा लागतो, हे तेथेच स्पष्ट होते.