मौन आणि संमती : एका न्यायनिर्णयाचे भाषिक परीक्षण

'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन मराठीत इतके रुळले आहे की त्याचे संस्कृतपण आता कोणास जाणवत नाही. लग्नाच्या बैठकीत मुलीने मान खाली घातली की वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी हे वचन उच्चारतो आणि बोलणी पुढे सरकतात. येथे गप्प राहणारी व्यक्ती एक असते आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ सांगणारी दुसरी. अर्थ सांगण्याचा अधिकार दुसरीकडे कोठून आला, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. लग्नाच्या बैठकीत हे खपून जाते. न्यायालयात मौनाचा अर्थ लावणे हा एखाद्या व्यक्तीच्या साऱ्या आयुष्याचा प्रश्न होऊन बसतो. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्याच्या इतिहासावरून हे स्पष्ट दिसते.

२६ मार्च १९७२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. (देसाईगंज १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात आहे.) मुलीचे वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान होते. तिच्या भावाने दिलेल्या फिर्यादीच्या निमित्ताने तिला ठाण्यात आणले गेले होते. बरोबरच्या माणसांना जाण्यास सांगून तिला मागे ठेवून घेण्यात आले. आरोपी दोघे, आणि दोघेही पोलीस. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मुलीला लैंगिक संबंधाची सवय होती, या गोष्टीला त्या निकालात मोठे वजन होते. ऑक्टोबर १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून दोघांस शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरविले.

अभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की वरच्या दोन न्यायालयांपुढील पुरावा एकच होता. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, हे दोघांनाही मान्य होते. उच्च न्यायालयाने त्यावरून असा अर्थ काढला की रात्रीच्या वेळी, अपरिचित आणि अधिकारी पुरुषांपुढे भयाने शरण जाणे ही संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने त्याच खुणेवरून विरोध झालाच नाही असे अनुमान केले, मुलीने आरडाओरडा केल्याचे कथन रचलेले मानले, आणि भय म्हणावयाचे तर ते मृत्यूचे किंवा इजेचे असल्याचे सिद्ध व्हावयास हवे होते असे म्हटले. खूण एकच, परंतु तिचे वाचन दोन प्रकारांनी झाले. म्हणजे वाद खुणेविषयी नव्हता. ज्या संकेतानुसार ती खूण वाचावयाची त्या संकेताविषयी होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राचा रोखही येथेच होता : संमतीत शरण जाणे असू शकेल, परंतु शरण जाण्यात संमती असतेच असे नाही.

हा भेद भाषाशास्त्राच्या परिभाषेत अधिक नेमका करता येतो. संमती ही बोलून घडणारी कृती आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९५५ च्या व्याख्यानांपासून, जी १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आली, ही गोष्ट अभ्यासकांच्या परिचयाची आहे की वचन देणे, शपथ घेणे, परवानगी देणे या कृती काही अटींवर उभ्या असतात. त्या अटी तुटल्या की शब्द उच्चारले जाऊनही कृती घडत नाही. संमतीची पहिली अट म्हणजे नकाराची शक्यता. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या 'होय'लाही अर्थ उरत नाही. मग त्याच्या मौनाला अर्थ कोठून येणार? 'संमती' या शब्दाची घटना (सम् + मन्) हेच सुचविते. येथे दोन मने एकत्र येणे अभिप्रेत आहे. एका मनाने दुसऱ्याचे मन गृहीत धरणे अभिप्रेत नाही.

परंतु मराठीची गुन्हावाचक शब्दसंपत्ती या विचाराला अनुकूल नाही. 'बलात्कार' हा शब्द 'बलात्' या पंचम्यंत पदापासून बनला आहे. म्हणजे त्याच्या केंद्रस्थानी बळ आहे, इच्छेचा अभाव नाही. वस्तुतः १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या व्याख्येत 'इच्छेविरुद्ध' आणि 'संमतीविना' हेच निकष प्रथम आले होते. यावर असा आक्षेप येईल की व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. 'बलात्कार' म्हणणाऱ्यास पंचमी आठवत नसते. आक्षेप बरोबर आहे, परंतु पुरेसा नाही. व्युत्पत्ती विसरली जाते, अपेक्षा टिकून राहते. 'जबरदस्ती', 'बळजबरी' हे पर्यायही त्याच अपेक्षेचे आहेत. म्हणून बळाची खूण दिसली नाही की गुन्हाच दिसेनासा होतो.

'विनयभंग' या शब्दाचे उदाहरण याहून बोलके आहे. चोरी, खून, फसवणूक ही नावे करणाऱ्याच्या कृतीवरून पडली. विनयभंगाचे नाव मात्र जिच्यावर अन्याय झाला तिच्या गुणावरून पडले. परिणामी चौकशी त्या गुणाकडे वळते : मुळात विनय होता काय? हा तर्क किती दूर जाऊ शकतो हे 'पंजाब राज्य विरुद्ध मेजर सिंग' या १९६६ च्या निकालात दिसते. साडेसात महिन्यांच्या बालिकेला विनय असतो काय, हा प्रश्न तेथे सर्वोच्च न्यायालयाला सोडवावा लागला. बहुमताने आरोपी दोषी ठरला, तथापि खंडपीठात एकमत होऊ शकले नाही. प्रश्नाची विपरीतता न्यायाधीशांनी निर्माण केलेली नव्हती. ती गुन्ह्याच्या नावातच होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही विनयाची कल्पना कायम आहे.

वाक्यरचनेतही हाच कल आढळतो. 'तिच्यावर अत्याचार झाला' या वाक्यात कर्ता नाही. 'तिची अब्रू गेली' यात कर्ता आहे, परंतु तो आहे 'अब्रू' : जणू ती आपल्या पायांनी चालून गेली. 'लुटली गेली' म्हटले तरी लुटणारा वाक्याबाहेरच राहतो आणि उणेपण तिच्या पदरी उरते. प्रश्नांचेही तसेच. 'तिने आरडाओरडा का केला नाही?' या प्रश्नात ओरडणे हे तिचे कर्तव्य होते असे विधान दडलेले आहे. 'त्या वेळी ती तेथे का गेली?' या प्रश्नात न जाणे कर्तव्य होते हे. उत्तर काहीही आले तरी गृहीतक अबाधित राहते, कारण उत्तर देणारी व्यक्ती प्रश्न स्वीकारूनच उत्तर देते. 'टाळी एका हाताने वाजत नाही' या म्हणीने तर शोधण्याचे कारणच संपते. भांडणाला ही म्हण लागू पडत असेल, आघाताला नाही. थप्पड एकाच हाताने बसते.

आरोपीस संशयाचा फायदा मिळावा हे तत्त्व येथे नाकारलेले नाही. काय घडले याविषयी संशय असेल तर तो आरोपीच्या बाजूने गेलाच पाहिजे. परंतु मौनाला होकार समजणे हा संशय नव्हे. ते अर्थनिर्णयन आहे, आणि संशयाच्या वेषात ते तपासणीतून सुटता कामा नये.

कायद्याने हा धडा हळूहळू घेतला. १९८३ च्या दुरुस्तीने पोलिसांच्या ताब्यातील अत्याचाराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे साक्षीत सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे असे ठरविले. तिच्या चारित्र्यावरून साक्ष खोटी पाडण्याची पुराव्याच्या कायद्यातील तरतूद २००३ पासून गेली. २०१३ मध्ये संमतीची व्याख्या झाली : ती निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची हवी, शब्दांनी वा खुणेने व्यक्त झालेली हवी, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे समजता येणार नाही. देसाईगंजच्या प्रकरणात जे वाचन झाले त्याला हे वाक्य चाळीस वर्षांनी मिळालेले उत्तर आहे. उत्तर अपुरेही आहे, कारण अठरा वर्षांवरील पत्नीपुरता अपवाद अद्याप कायम आहे आणि तेथे एकदा दिलेला होकार जन्माचा मानला जातो.

कायद्याचे वाक्य बदलले. जबाब लिहिणाऱ्याचे, वार्ताहराचे आणि घरातल्या माणसाचे वाक्य बदललेले नाही. साक्ष देणारी एका बोलीत बोलते, जबाब कार्यालयीन मराठीत उतरतो, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल इंग्रजीत लिहिला जातो. या प्रवासात 'मी घाबरले' याचे 'विरोध केला नाही' कधी आणि कसे होते, याचा पद्धतशीर अभ्यास मराठीच्या विभागांनी हाती घेण्यासारखा आहे. शब्दकोशांतील 'अब्रू', 'शील', 'विनयभंग' या नोंदींचे परीक्षण ही त्याची सुरुवात होऊ शकेल. देसाईगंजच्या त्या मुलीला न्यायालयांनी ती का ओरडली नाही हे विचारले. तिला 'नाही' म्हणता येईल अशी जागा त्या रात्री होती काय, हा प्रश्न अगोदरचा होता.