उत्तर बरोबर, पण अट कुठे गेली?

बीजगणिती समीकरणे सोडवणारी ‘मॅक्सिमा’ ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. तिचे मूळ अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६८ साली सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. शिक्षकाच्या दृष्टीने ती कशी आहे?

आम्ही तिला क्ष⁵ − क्ष − १ = ० हे समीकरण दिले. तिने तेच परत केले! हा दोष नव्हे. चार मूलभूत क्रिया आणि मुळे काढणे एवढ्यावर पाचव्या घाताच्या समीकरणांचे सर्वसाधारण सूत्र बनूच शकत नाही, हे आबेलने १८२४ साली सिद्ध केले. अंदाजी उत्तर मागताच १.१६७३ मिळाले. हा प्रामाणिकपणा आम्हांला आवडला.

मग अ × क्ष = ब दिले. लगेच उत्तर आले: क्ष = ब/अ. आमची तक्रार येथे आहे. अ शून्य असला तर? तेव्हा ब शून्य नसल्यास उत्तरच नाही. बसुद्धा शून्य असल्यास कोणतीही संख्या चालेल. याबद्दल प्रणाली अवाक्षर काढत नाही.

वर्गात शिकवायचे असते ते नेमके हेच. प्रणाली जरूर वापरावी. मात्र तिच्या प्रत्येक उत्तराखाली ‘हे केव्हा खरे?’ एवढे विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावे.