शिरगणती आणि शेगडी

नागरिकाचे वय, शिक्षण व व्यवसाय यांची नोंद शासनाने ठेवावी, यात आता कोणास नवल वाटत नाही. परंतु हिवाळ्यात त्याचे घर कोणत्या इंधनाने उबदार ठेवले जाते, ही चौकशी प्रथमदर्शनी क्षुल्लक आणि काहीशी आगंतुक वाटते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती १९४० पासून चालू आहे. तिचा इतिहास पाहिला असता असे आढळते की, प्रश्नाचा गाभा बव्हंशी तोच राहिला; त्यामागील प्रयोजने मात्र पिढीगणिक बदलत गेली. या प्रश्नाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोहोंचेही मूळ येथेच आहे.

१९३९ च्या कायद्यान्वये १९४० मध्ये तेथे पहिली राष्ट्रीय गृहगणना झाली. महामंदीच्या दशकात घरांची दुरवस्था हा सार्वजनिक चिंतेचा विषय झाला होता. साहजिकच नळ, शौचकूप व वीज यांच्याबरोबर उष्णतेची साधने आणि त्यांचे इंधन यांचीही नोंद झाली. त्या वेळी निम्म्याहून अधिक घरे कोळशावर व जवळजवळ पाव घरे लाकडावर अवलंबून होती. इंधन हे तेव्हा प्रामुख्याने राहणीमानाचे गमक होते. पुढे नळाने येणारा वायू आणि वीज यांनी कोळशाला मागे सारले. २००० मध्ये सुमारे निम्मी घरे वायूवर व सुमारे तीस टक्के विजेवर गेलेली आढळली. साठ वर्षांतील हे स्थित्यंतर गावोगावच्या तपशिलासह दिसते, याचे श्रेय एकच प्रश्न सातत्याने विचारण्याच्या शिस्तीला दिले पाहिजे.

१९७३ च्या तेलसंकटाने या जुन्या प्रश्नाला नवे प्रयोजन दिले. काही महिन्यांत खनिज तेलाच्या किमती सुमारे चौपट झाल्या. न्यू इंग्लंडसारख्या थंड प्रदेशातील असंख्य घरे तेलावरच चालत असल्याने, कोणत्या भागात कोणते इंधन हे जाणणे राज्यकर्त्यांस अपरिहार्य झाले. १९७८ मध्ये घरगुती ऊर्जावापराची स्वतंत्र पाहणी सुरू झाली. १९८१ मध्ये अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांस इंधनखर्चासाठी साहाय्य देणारा कायदा झाला. आणि राज्यांना निधी वाटताना अशा कुटुंबांचा ऊर्जाखर्च विचारात घ्यावा, अशी तरतूद १९८४ मध्ये करण्यात आली. घरोघरच्या धुरामुळे होणाऱ्या वायुप्रदूषणाचा अंदाज बांधण्यासही हीच माहिती उपयोगी पडते. दशवार्षिक गणनेतून २००५ नंतर वार्षिक नमुना-पाहणीत गेलेला हा प्रश्न आज दरवर्षी सुमारे पस्तीस लक्ष पत्त्यांवर पाठविला जातो. त्याचे उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे.

येथवर प्रश्नाची उपयुक्तता निर्विवाद आहे. तथापि त्याच्या शब्दयोजनेची चिकित्सा केली असता दोन उणिवा दिसतात. घर तापविण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे एकच इंधन उत्तरात नोंदवायचे असते. त्यामुळे मुख्य व्यवस्था वायूची, पण काटकसरीसाठी संध्याकाळी लाकडाची शेगडी पेटविणारे घर हे केवळ वायूचे घर ठरते. त्या शेगडीचा धूर हिशेबाबाहेर राहतो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. उत्तराच्या पर्यायांत ‘कोणतेही इंधन वापरले जात नाही’ असाही एक पर्याय आहे. हवाई बेटांवरील कुटुंब हवामानाच्या कृपेने हा पर्याय निवडते. उत्तरेकडील एखादे कुटुंब दारिद्र्यामुळे तोच निवडू शकते. तक्त्यात मात्र सुख आणि वंचना एकाच स्तंभात येऊन बसतात.

यावर असा आक्षेप घेता येईल की, त्याच पाहणीत इंधनावरील खर्चही विचारला जातो. परंतु केलेला खर्च म्हणजे असलेली गरज नव्हे. जो थंडीत कुडकुडत राहतो त्याचा खर्च कमीच असतो. हा भेद ब्रिटनमध्ये अधिक स्पष्टपणे ओळखला गेला. १९९१ मधील ब्रेंडा बोर्डमन यांच्या इंधन-दारिद्र्यावरील ग्रंथाने दहा टक्क्यांची कसोटी रूढ केली. २००१ च्या शासकीय धोरणाने, घर पुरेसे उबदार राखण्यास उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक खर्च करणे ज्यास आवश्यक ठरेल ते कुटुंब इंधन-दरिद्री, असे ठरविले. येथे ‘आवश्यक’ हा शब्द निर्णायक आहे. पण व्याख्येचेही राजकारण असते. २०१३ मध्ये इंग्लंडने व्याख्या बदलली, तेव्हा अशा कुटुंबांची संख्या कागदावर घटली. घरांची ऊब त्यामुळे वाढली नाही.

भारतीय अभ्यासकासही हा विषय परका नाही. येथील गणनेत स्वयंपाकाचे इंधन विचारले जाते. २०११ मध्ये एकोणपन्नास टक्के कुटुंबे सरपणावर स्वयंपाक करीत होती. पठारी प्रदेशात ही विचारणा पुरेशी ठरते. हिमालयातील घरांत मात्र जी चूल अन्न शिजविते तीच अनेकदा खोली उबदार ठेवते, आणि काश्मिरातील कांगडी तर चुलीच्या हिशेबात बसतच नाही. अशा घरी वायूची टाकी पोहोचली, तरी सरपण का सुटत नाही, याचे उत्तर केवळ स्वयंपाकाविषयीच्या प्रश्नातून मिळणार नाही.

सारांश, शासन इंधनाची मोजणी करते ती प्रामुख्याने पुरवठा, निधी व प्रदूषण यांच्या नियोजनासाठी. आणि त्या कामी ती मोजणी सार्थ ठरली आहे. परंतु ऊब आणि इंधन ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आकडेवारी हाती घेणाऱ्या संशोधकाने तो प्रश्न कोणाच्या गरजेतून जन्मला, हे आधी तपासले पाहिजे. ज्या नागरिकावर उत्तराची सक्ती केली जाते, त्याचे गारठणे त्या उत्तरात कोठेतरी उमटावे, एवढी अपेक्षा करण्याचा त्यास अधिकार आहे.