चौकारांच्या मधला दानिश

१६ डिसेंबर २०२५ ला अबुधाबीत झालेल्या आयपीएलच्या लिलावात नागपूरचा दानिश मालेवार ३० लाखांना, म्हणजे पायाभूत किमतीलाच, मुंबई इंडियन्सकडे गेला. कोट्यवधींच्या बोल्यांच्या बातम्यांत त्याच्या वाट्याला एखादी ओळ आली. आमच्या मनीषनगरात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर विषय त्याचाच होता आणि निकालही लागून गेला होता : ‘पोट्टा चार दिवसांच्या मॅचचा आहे भाऊ, वीस ओव्हरमध्ये काय करन?’

प्रश्न रास्त आहे. वर्धा रोडने सरळ निघालं की जामठ्याचं मैदान येतं. याच मैदानावर त्या वर्षाच्या सुरुवातीला या मुलाने सगळ्या गावासमोर लांबलचक उत्तर लिहून ठेवलेलं आहे. ते नीट वाचायला हवं, एवढंच.

२०२५ च्या रणजी अंतिम सामन्याचा पहिला दिवस २६ फेब्रुवारीचा, महाशिवरात्रीचा. स्टँडमध्ये साबुदाण्याच्या उसळीचे डबे उघडायच्या आतच विदर्भाची घसरगुंडी सुरू झाली. केरळच्या सचिन बेबीने नाणेफेक जिंकून आपल्याला फलंदाजी दिली होती. सामन्याच्या दुसऱ्याच चेंडूवर पार्थ रेखाडे पायचीत. दर्शन नळकांडेला तिसऱ्या क्रमांकावर पाठवण्याची चाल फसली. ध्रुव शोरी आधाराला होता, तोही एडन ॲपल टॉमच्या चेंडूवर यष्टिरक्षकाकडे झेल देऊन परतला. ३ बाद २४. एकवीस वर्षांचा, रणजीतला पहिलाच हंगाम खेळणारा दानिश आणि त्याच्यासोबत करुण नायर. चेंडू नवा, स्लिपमध्ये गर्दी, आणि स्टँडमध्ये ती विशिष्ट शांतता, जी फक्त यजमान संघाच्या पडझडीतच ऐकू येते.

इथे तरुण फलंदाज दोनपैकी एक करतात. काही जण घाबरून खोडासारखे रुतून बसतात आणि तासाभराने एका चांगल्या चेंडूवर जातात. काही जण प्रतिहल्ला म्हणून दोन-चार सुंदर फटके मारतात आणि टाळ्या घेत जातात. दानिशने यातलं काहीच केलं नाही. ऑफस्टंपबाहेरचा चेंडू त्याने जाऊ दिला आणि आखूड पडला तर मारला. पुढचा परत जाऊ दिला. मारलेल्या चेंडूचा सोडलेल्या चेंडूवर काही परिणाम होत नव्हता, हे मला त्या सकाळी सगळ्यात मोलाचं वाटलं. चौकार गेला की तरुण हाताला खाज सुटते, पुढच्या चेंडूकडे बॅट आपोआप जाते. याचा हात परत जागेवर यायचा. नजर बसलेला फलंदाज आणि डोकं बसलेला फलंदाज यांत फरक असतो. पहिला तुम्हाला कुठल्याही क्लबच्या मैदानावर सापडेल.

चौथ्या विकेटसाठी २१५ धावा झाल्या. मग करुण गोंधळातून धावबाद झाला, ८६ वर. अशा वेळी तरुण जोडीदाराच्या चेहऱ्यावर अपराधीपणा दिसतो आणि तो पुढच्या षटकात काहीतरी करून बसतो. दानिश दिवसाअखेर १३८ वर नाबाद होता. दुसऱ्या दिवशी १५३ वर एन. बासिलने त्याचा त्रिफळा उडवला. २८५ चेंडू, १५ चौकार, ३ षटकार. दुसऱ्या डावात ३७ धावांची आघाडी हातात असताना परत २ बाद ७ झाले आणि परत हेच दोघे उभे राहिले. भागीदारी १८२ ची. त्यात दानिशच्या ७३ धावा, १६२ चेंडूंत. सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला आणि सामनावीर ठरला दानिश. हंगामात त्याच्या ७८३ धावा झाल्या. त्यात उपांत्यपूर्व फेरीतल्या तमिळनाडूविरुद्धच्या ७५ होत्या आणि उपांत्य फेरीत मुंबईविरुद्धच्या ७९. मोठा सामना आला की याची धावसंख्या वाढते.

आता दुसरी खेळी. २८ ऑगस्ट २०२५, बंगळुरूचं सेंटर ऑफ एक्सलन्स, दुलीप करंडकाची उपांत्यपूर्व फेरी, मध्य विभाग विरुद्ध ईशान्य विभाग. दानिशच्या २२२ चेंडूंत २०३ धावा, ३६ चौकार, १ षटकार. त्याला कोणी बाद केलं नाही, तो स्वतःहून निवृत्त झाला. सहा महिन्यांच्या अंतराने हाच मुलगा जवळजवळ पावणेदोन पट वेगाने खेळत होता. ठेल्यावरच्या मंडळींना उत्तर म्हणून हीच खेळी दाखवायचा मोह होतो. पण ईशान्य विभागाची गोलंदाजी पाहता ते प्रामाणिकपणाचं होणार नाही. पहिल्या दिवशी मध्य विभागाच्या ४३२ धावा झाल्या, रजत पाटीदारने तर शंभरहून कमी चेंडूंत शतक ठोकलं. त्या द्विशतकाचं कौतुक करावं, पण त्याच्या वेगावर भविष्य बांधू नये.

त्यापेक्षा दोन्ही धावफलक शेजारी ठेवून आकडेमोड करून पाहा. मी ती केली आणि मला या मुलाबद्दल जे कळलं ते टीव्हीवर बघून कळलं नसतं.

जामठ्यात चौकार-षटकारांचे चेंडू अठरा. त्यातून ७८ धावा. उरलेल्या २६७ चेंडूंत ७५. बंगळुरूत सीमापार गेलेले चेंडू सदतीस, त्यातून १५०. उरलेल्या १८५ चेंडूंत ५३. आता उरलेल्या चेंडूंचाच हिशोब करा. जामठ्यात शंभर चेंडूंमागे २८ धावा. बंगळुरूत शंभर चेंडूंमागे साधारण तेवढ्याच, २८-२९. एक खेळी २४ धावांत तीन गडी गेलेल्या संकटात झाली आणि दुसरी मोकळ्या रानात. तरी दोन चौकारांच्या मधला दानिश दोन्हीकडे जवळपास सारखाच निघाला. बदलली ती फक्त मारण्याजोगे चेंडू मिळण्याची संख्या. समोरच्याने वाईट चेंडू जास्त टाकले तेव्हा त्याने जास्त मारले. त्याने स्वतःहून चांगले चेंडू वाईट करून घेतले नाहीत.

चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये याहून मोठं प्रशस्तिपत्र नसतं. गोलंदाज काय टाकतोय यावर त्याची धाव ठरते. स्वतःची मनःस्थिती, धावफलकाची घाई, स्टँडमधला आरडाओरडा यांना तो त्यात शिरू देत नाही. एकवीस-बावीसच्या वयात ही शिस्त शिकवून येत नाही, आणि आलीच तर जपणं कठीण. रणजीचा संघ निवडायला मला कोणी बसवलं तर हा आकडा पाहून मी त्याचं नाव पहिल्या तिघांत लिहीन.

आणि हाच आकडा वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये त्याची कसोटी आहे. १२० चेंडूंच्या डावात इतके कोरडे चेंडू परवडत नाहीत. चौकार नसलेल्या चेंडूवरही एक धाव काढावी लागते. ढकलून, वळवून, हलक्या हाताने खाली ठेवून पळत सुटायचं. ठेल्यावर सगळे विचारतात, हा षटकार मारेल का? माझी नजर एकेरी धावेवर राहील. अर्थात, क्षेत्ररचनाही लक्षात घ्यायला हवी. लाल चेंडूच्या सामन्यात स्लिप, गली, जवळचे क्षेत्ररक्षक असल्यामुळे मागचं मैदान रिकामं असतं, फटका मधून सुटला की चौकार. एकेरी धाव त्यामानाने अवघड. वीस षटकांत सीमारेषेवर माणसं उभी असतात, एकेरी आपोआप मिळते, पण दानिशचे ते जमिनीलगतचे चौकार तिथे अडवले जातात. दोन्ही खेळ्या मिळून त्याचे चौकार एक्कावन्न आणि षटकार फक्त चार आहेत, हे विसरून चालणार नाही. मुंबईला त्याने वरून मारायला शिकायला हवं असेल. शिकावंच. पण जो चेंडू सोडायचा तो सोडण्याची सवय त्या नादात मोडली, तर विदर्भाचं नुकसान ३० लाखांत भरून निघणार नाही.

ते दोन्ही एका हातात मावू शकतं याचा पुरावा त्या अंतिम सामन्यातच, दुसऱ्या टोकाला उभा होता. करुण नायरने जामठ्यात १८८ चेंडूंत ८६ केल्या. त्यानंतर दोन महिनेही उलटले नाहीत, १३ एप्रिलला त्याच करुणने दिल्लीकडून मुंबई इंडियन्सविरुद्ध ४० चेंडूंत ८९ फटकावल्या आणि त्यात बुमराहलाही सोडलं नाही. तंत्र तेच, डोकं बसलेलं होतंच, फक्त चेंडूची किंमत वेगळी लावली. करुण तेव्हा तेहतीस वर्षांचा होता आणि मधली कितीतरी वर्षं संघाबाहेर राहून हे शिकला होता. दानिशने त्याच्याबरोबर दोन डावांत मिळून जवळजवळ चारशे धावांची सोबत केली आहे. बावीस यार्डांच्या अंतरावरून एवढा वेळ एखाद्याला बघणं ही शिकवणी कुठल्या अकादमीत मिळत नाही. करुण परत कर्नाटकात गेला, पण जे द्यायचं ते देऊन गेला असं मला मनापासून वाटतं.

किमतीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण नागपूरला ती गोष्ट ताजी आहे. पानठेला चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा शुभम दुबे डिसेंबर २०२३ च्या लिलावात राजस्थानने ५ कोटी ८० लाखांना घेतला तेव्हा शहराने फटाके फोडले. मुश्ताक अली स्पर्धेत त्याने बंगालविरुद्ध २० चेंडूंत नाबाद ५८ करून २१३ चा पाठलाग संपवला होता, म्हणून ती बोली. त्या हंगामात त्याला जेमतेम काही सामने मिळाले आणि पुढच्या लिलावात त्याच संघाने त्याला ८० लाखांना परत घेतलं. माणूस तोच, हातही तोच. ४ मे २०२५ ला ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध शेवटच्या षटकात २२ हव्या होत्या. शुभमने वैभव अरोराला षटकार, चौकार, षटकार मारले आणि शेवटच्या चेंडूवर तीन धावा हव्या अशा जागी सामना आणून ठेवला. राजस्थान एका धावेने हरलं. १४ चेंडूंत नाबाद २५ धावांच्या त्या खेळीला कोणी पाच कोटींची म्हणालं नाही, कोणी ऐंशी लाखांचीही नाही. बोली लागते ती त्या दिवशी कोणत्या संघाला कोणती जागा भरायची आहे आणि खिशात किती उरलंय यावर. ३० लाखांत मुंबईने आधीच्या लिलावात अश्वनी कुमार घेतला होता आणि त्याने पदार्पणातच कोलकात्याचे चार गडी २४ धावांत घेतले. विघ्नेश पुथूरही तेवढ्याचाच, पदार्पणात तीन बळी. त्यामुळे रकमेवरून दानिशला कमी लेखणाऱ्यांशी मी वादच घालत नाही.

चिंता आहे ती जागेची. माझ्या मते वीस षटकांत दानिशला एकच जागा शोभते, पहिल्या तिघांतली. पहिल्या सहा षटकांत तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असतात. तेवढाच वेळ मैदान रणजीसारखं उघडं असतं आणि त्याचे मधून काढलेले चौकार चौकारच राहतात. तिथे दहा-पंधरा चेंडू मिळाले की पुढे तो आपली चाल बदलू शकेल. पण मुंबईकडे वर रोहित शर्मा आहे, रायन रिकल्टन आहे, याच लिलावात क्विंटन डी कॉकही आला. मग सूर्यकुमार, तिलक वर्मा. जागा झाली तर ती कोणाच्या दुखापतीने होईल, आणि बहुधा सहाव्या-सातव्या क्रमांकावर, दोन षटकं उरलेली असताना. तिथे त्याला पाठवलं आणि तो चार चेंडूंत दोन धावा करून आला, तर तो निकाल जागेचा असेल. मनीषनगरच्या ठेल्यावर मी हे आत्ताच सांगून ठेवलं आहे. एकाने विचारलं, मग त्याने तिथे करायचं काय? मी म्हटलं, नेटमध्ये रोज बुमराह आणि बोल्टसमोर उभं राहायला मिळतंय, तेवढं पुरे आहे या वर्षी. शिवाय पुढच्या हंगामात विदर्भाला कधीतरी पुन्हा ३ बाद २४ व्हायचंच आहे.